घाट, कचेरी आणि भीमनगर

"ओ ताई, एवढं टोक धरता का जरा?"

पंचफुलानं वळून पाहिलं. घाटाच्या वरच्या पायरीवर एक उंच, सावळा तरुण उभा होता. पँट पोटरीपर्यंत दुमडलेली, कानावर पेन्सिल, काखेत कागदांची भली मोठी सुरळी, आणि हातात चामडी डबीतली मोजपट्टी. हस्ताची सर नुकतीच येऊन गेली होती. पायऱ्यांवरून पाण्याच्या बारीक धारा अजून उतरत होत्या, आणि खाली गोदावरी — गंगाखेडची माणसं तिला नुसतं 'गंगा' म्हणतात — गढूळ अंगानं काठोकाठ वाहत होती.

"कुठं धरू?"

"खालच्या पायरीला लावा. घट्ट हं... गंगेत गेली तर माझा सगळा अभ्यास गंगार्पण!"

पंचफुलानं पदर खोचला, खाली वाकून टोक धरलं. त्यानं वरून आकडा वाचला, कागदावर मांडला आणि खूश होऊन मान हलवली.

"चुकलं," पंचफुला म्हणाली.

"काय चुकलं?"

"माप. तुम्ही उभे आहात ती पायरी जुनी न्हाईच. सिमेंटची हाय ती, अलीकडं घातलेली. जुना घाट तिच्या खालीच संपतो."

त्यानं पायाखाली पाहिलं. बुटाच्या टोकानं शेवाळ खरवडलं. खरंच की!

"तुम्ही... इथल्या?"

"राणीसावरगावची. औरंगाबादला इतिहासात एम.ए. करते. सरांनी सांगितलंय, गावाचा इतिहास पुस्तकात शोधू नका, गाव पायाखाली घाला. म्हणून गंगाखेड पायाखाली घालायला आलेय."

"आणि मी समजलो..."

"धुणं धुवायला आलेली बाई?"

"तसं नव्हे..." म्हणता म्हणता त्याचे कान लाल झाले.

"तसंच," पंचफुला म्हणाली, आणि मोजपट्टीचं टोक त्याच्या हातात ठेवून पुढं निघाली. चार पावलं गेल्यावर मात्र तिला हसू आवरेना.

त्याचं नाव सूर्यभान. देवगाव फाट्याजवळच्या एका गावातल्या दिनकररावांचा धाकटा मुलगा. दिनकरराव म्हणजे मोठे बागायतदार, पंचक्रोशीत शब्दाला वजन असलेले. पोरगा मुंबईला आर्किटेक्चर शिकत होता आणि शेवटच्या वर्षाच्या अभ्यासासाठी त्यानंही गंगाखेडच निवडलं होतं : गाव कसं वाढलं, कोणत्या काळात काय बांधलं गेलं, दगड कुठून आला, कमान कधी आली. दोघांचं काम एकच. दुसऱ्या दिवशी महादेवाच्या देवळापाशी गाठ पडली, तिसऱ्या दिवशी बाजारातल्या दगडी कमानीखाली. मग दोघांनाही कळलं की असं रोज 'अचानक' भेटण्यापेक्षा सांगून भेटलेलं बरं.

"तुम्हाला वाचता येतं, मला काढता येतं," सूर्यभान म्हणाला. "वाटून घेऊ."

"काढता मलाही येतं."

"मग मी काय करू?"

"टोक धरा."

आणि खरंच, त्यानं टोक धरलं.

दिवस भरभर जायला लागले. निजामाच्या अमलातल्या कचेरीच्या ओवरीत बसून ते कमानी मोजायचे. पंचफुला खांबावरून हात फिरवून सांगायची, हा दगड आधी देवळाचा असणार, नंतर इथं आणून बसवलाय. घासलेल्या फुलाची खूण बघा. सूर्यभान डोळे बारीक करून बघायचा... फुलाकडे थोडं, आणि तिच्या बोटांकडे जास्त. पुन्हा एखादी सर यायची, दोघं भिंतीला पाठ लावून पागोळ्यांकडे बघत उभे राहायचे.

एकदा असंच उभं असताना तो म्हणाला, "एक विनंती होती."

"बोला."

"पहिल्या दिवशी मी तुम्हाला ताई म्हणालो... ते मागं घ्यायचं हाय."

"का बरं?"

"तेही माप चुकलं होतं."

पंचफुलानं चटकन भिंतीकडे तोंड केलं आणि दगडावरची नक्षी फार निरखून पाहायला लागली. त्या भिंतीवर नक्षी नव्हतीच.

पण एक दिवस देवळात गोष्ट वेगळी घडली. सभामंडपात ती खांबांमधलं अंतर मोजत होती. म्हातारा पुजारी बराच वेळ बघत होता, मग जवळ आला.

"कोणाची गं बाई तू? कोणत्या घरची?"

या प्रश्नाचा अर्थ मराठवाड्यात शेंबड्या पोरालाही कळतो. पंचफुलानं पट्टी गुंडाळली, ताठ उभी राहिली.

"राणीसावरगावच्या भगवान मास्तरांची. आमी बौद्ध."

तिचा आवाज दगडी मंडपात घुमला. म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. तेवढ्यात सूर्यभान घाईनं पुढं झाला. "बाबा, त्या माझ्यासोबत आल्यात."

पुजारी पुटपुटत गाभाऱ्याकडे वळला. पंचफुलानं राहिलेले दोन्ही खांब शांतपणे मोजले, मगच ती बाहेर आली. चपला घातल्या. गल्लीच्या वळणापर्यंत झपाझप चालत राहिली.

"रागावलात?"

"तुम्ही मधे कामून बोललात?"

"म्हाताऱ्यानं काही वंगाळ बोलू नये म्हणून..."

"त्यानं विचारलं, मी सांगितलं. तिथं गोष्ट संपली होती." ती थांबली. "माझ्या आज्यानं ह्या घाटाच्या डागडुजीला दगड फोडलेत. फोडले त्यानं, पण बसवल्यावर त्यावर पाय ठेवायची सोय नव्हती त्याला. आज त्याची नात तोच दगड मोजते. कोणाच्या सोबतीनं न्हाई, सूर्यभानराव. आपल्या पायानं आलेय मी."

तो खाली मान घालून उभा राहिला. मग म्हणाला, "चुकलो."

पंचफुला वाट बघत राहिली. पुरुषांच्या 'चुकलो'नंतर एक 'पण' येतो, हे तिला ठाऊक होतं. सूर्यभानचा 'पण' आला नाही. तिचा राग तिथंच अर्धा उतरला... आणि या माणसाचं आपल्याला काहीतरी वाटायला लागलंय, हेही तिला तिथंच कळलं.

म्हणूनच पुढची गोष्ट तिला फार लागली.

दसरा झाला होता. कचेरीच्या ओवरीत सूर्यभाननं गावाचा नकाशा पसरला. देखणा नकाशा! देवळं शेंदरी, निजामकाळच्या इमारती हिरव्या, बाजारपेठ तपकिरी, आणि गंगेची निळी रेघ. पंचफुला कौतुकानं बघत होती. बघता बघता तिचं बोट रेल्वे रुळांपाशी येऊन थांबलं. त्यापलीकडं कागद कोरा होता.

"इथं काय?"

"तिथं... वस्ती हाय. घरं."

"भीमनगर. मी तिथंच राहते, केशरआत्याकडं. आमचा विहार हाय तिथं."

"पण पंचफुला, अभ्यास वास्तूंचा हाय ना? तिथं मोजण्यासारखं..." तो अडखळला. वाक्य गिळायला गेला. पण अर्धं वाक्य सुटलं होतं, आणि ते पुरेसं होतं.

"बरोबर," ती हळू म्हणाली. "घाटाला नकाशात जागा. घाटाचा दगड फोडणाऱ्यांच्या घरांना न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं ती राणीसावरगावला निघून गेली. खिडकीतून ज्वारीची हिरवी रानं पळत होती आणि तिचे डोळे भरून येत होते, आणि ते भरून येतात याचाच तिला राग येत होता. असं बोलणारा तो काही पहिला नव्हता. पण त्यानं तरी असं बोलू नये, एवढी आस आपल्याला कधी लागली?

घरी भगवानरावांनी, तिच्या वडलांनी, काही विचारलं नाही. शाळेतून आले, लेकीच्या तोंडाकडे पाहिलं, आणि जेवताना एवढंच म्हणाले, "अर्धं काम टाकून आलीस, असं वाटतंय."

"हं."

"मग परत जा. कुणी काय म्हणलं म्हणून आपण आपलं काम सोडत नसतो."

ती परत आली तेव्हा टळटळीत दुपार होती. स्टँडवरून चालत भीमनगरात शिरली, तर विहारापाशी ही गर्दी! बाया, गडी, शेरडं, सगळी जमलेली. आणि मधोमध केशरआत्या, डोईवरचा पदर दातात धरून, मोजपट्टीचं टोक भिंतीला दाबून उभी.

"आत्याबाई, हलू नका जरा," कोपऱ्यातून आवाज आला.

"आरं, दगडाची पाटी डोईवर घेऊन मी कदी हलले न्हाई, तुज्या पट्टीनं हलते व्हय!"

माणसं खदखदून हसली. सूर्यभानही हसला, आणि हसता हसता त्याला पंचफुला दिसली. हातातली पेन्सिल तशीच राहिली.

"तुमी इथं कुणाला विचारून आलात?" तिनं विचारलं.

"आत्याबाईंना. त्यांनी आधी हाकललं. मग पाणी दिलं. मग पट्टी धरली."

"लय चिकट पोरगं हाय," केशरआत्या म्हणाली. "म्हणलं, काय मोजायलास रं लेकरा, हितं? तर म्हणतंय, मला म्हाईत न्हाई म्हणून मोजायलोय. मग सांगितलं समदं. छप्पन सालात दीक्षा झाली. म्होरल्या सालात आमी म्हणलं, आता आपलं सोताचं कायतरी उभं करायचं. गंगेतून गोटे आणले डोईवर. दिसभर दुसऱ्याच्या रानात राबायचं, आन् उन्हं कलली की हितं. बाया दगड आणायच्या, गडी भित घालायचे. गवंडी कोण व्हता आमच्यात? त्यो डाव्या अंगाचा खांब बग, तुज्या मामानं, माज्या मालकानं, उभा केलेला. वाकडा हाय. पर आमचा हाय!"

पंचफुलानं जवळ जाऊन कागद पाहिला. विहार कागदावर उभा होता : बुटका, गोट्यांच्या भिंतींचा, पत्र्याच्या छपराचा. खिडक्या एकसारख्या नव्हत्या, तशाच काढलेल्या. आणि डावीकडचा खांब किंचित कललेला.

"सरळ काढता आला असता," ती म्हणाली.

"आला असता. पण मग तो मामांचा खांब राहिला नसता."

तिनं कागदावरच्या त्या खांबावरून हळूच बोट फिरवलं. त्या वाकड्या रेघेत त्यानं तिच्या माणसांचा केवढा मान राखला होता! गोड बोलून मन राखणारे पुष्कळ. जसं आहे तसं, नीट नजर लावून पाहणारा हा एकटाच.

तेवढ्यात आभाळ भरून आलं आणि परतीची एक सर चुकार वासरासारखी धावत आली. माणसं पांगली. दोघं विहाराच्या वळचणीला उभे राहिले. पंचफुलानं कागद छातीशी धरून त्यावर पदर ओढला.

"तुम्ही भिजायलात," सूर्यभान म्हणाला.

"कागद भिजला तर?"

"पुन्हा काढीन. तेवढंच अजून काही दिवस राहायला मिळंल..."

पत्र्यावर पाऊस ताडताड वाजत होता. तिनं त्याच्याकडे पाहिलं. या वेळी भिंतीकडे तोंड फिरवलं नाही.

दिवाळीनंतर गावातल्या शाळेच्या सभागृहात दोघांनी आपलं काम लोकांपुढं ठेवायचं ठरवलं. दोऱ्यांवर नकाशे टांगले. घाट, देऊळ, कचेरी, कमानी... आणि शेवटी भीमनगरचा विहार. सगळे कागद एकाच मापाचे. गाव लोटलं. व्यापारी आले, वकील आले, मास्तर मंडळी आली, आणि भीमनगर तर अख्खं आलं, धुतलेल्या पांढऱ्या कपड्यांत. भगवानराव पहिल्या रांगेत बसले.

पंचफुला बोलायला उभी राहिली. सुरुवातीला जरा अडखळली, पण घाटाचा पहिला दगड बोलण्यात आला आणि मग तिला थांबावं लागलं नाही. गाव कसं गंगेच्या काठानं वाढलं, कोणत्या काळात कोणता चुना आला, कोणाची सत्ता गेली तेव्हा कोणती कमान उरली... लोक कान देऊन ऐकत होते. शेवटी ती विहारापाशी आली, आणि मधल्या रांगेतून एक भारदस्त गृहस्थ उठले. पांढरंशुभ्र धोतर, कडक इस्त्रीचा सदरा.

"बाई, घाटाचं समजलं. देवळाचंही समजलं. पण ही काल-परवाची भित. हिला इतिहास कोण म्हणतं?"

नकाशापाशी उभ्या सूर्यभानचा चेहरा पांढराफटक पडला.

"काका," पंचफुला शांतपणे म्हणाली, "घाट बांधून झाला, त्या दिवशी तोही कालचाच होता. ज्यांनी दगड वाहिले ते दमून घरी गेले, आणि नाव मागं राहिलं ते दुसऱ्याचं. त्यांना विचारायचं म्हणलं तर आज कुणी न्हाई. ही भित बांधणारी माणसं मात्र अजून हायेत. उद्या कुणी म्हणू नये की ही कुणी बांधली ठाऊक न्हाई, म्हणून मी आजच लिहिते. आत्या, उभी राहा."

केशरआत्या गोंधळली. मग गुडघ्यावर हात टेकून उठली. तिच्या शेजारची उठली. मागचा म्हातारा उठला. एकेक करून भीमनगरची सगळी थकली माणसं उभी राहिली, आणि कुणीतरी टाळी वाजवली. मग सगळ्या सभागृहानं. भगवानरावांनी चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्यानं पुसत बसले, पुसतच बसले. त्या टाळ्यांच्या गजरात पंचफुलाला वाटलं, आपली उंची हातभर वाढलीय.

गृहस्थ खाली बसले. त्यांनी टाळी वाजवली नाही. पण उभ्या माणसांवरून त्यांची नजरही हलली नाही.

पांगापांग झाल्यावर सूर्यभान लिंबाखाली तिच्यापाशी आला. "ते... विचारणारे. माझे वडील होते."

पंचफुलानं झटकन वर पाहिलं. "आधी सांगायचं न्हाई का!"

"सांगितलं असतं तर कमी बोलला असता?"

"...न्हाई."

"म्हणूनच..." त्यानं खोल श्वास घेतला. "पंचफुला, मला तुमच्यासोबत गावं मोजायचीत. हे एकच न्हाई. सगळी. जन्मभर."

लिंबाची पिवळी पानं दोघांवर गळत होती. पंचफुलानं केसातलं एक पान काढलं, बोटांत फिरवलं.

"मला तुम्ही आवडता. हे मी लपवणार न्हाई," ती म्हणाली. "पण कुणाच्या घरात मी मागच्या दारानं शिरणार न्हाई. पळून जाणार न्हाई, नाव बदलणार न्हाई, जात विचारली तर खाली बघणार न्हाई. राणीसावरगावला या. दिवसाढवळ्या, आमच्या बौद्धवाड्यात. एकटे न्हाई, घरचं माणूस घेऊन. आमच्या चुलीवरची भाकरी खा, आणि मग माझ्या बापाला विचारा."

"आणि घरचं कुणी आलं न्हाई तर?"

"तर तुमची आठवण राहील," ती म्हणाली. आवाज थोडा कापला. शब्द कापला नाही.

तो गेला. थंडी पडली. ज्वारी पोटऱ्यात आली, मग हुरड्यावर आली. पंचफुला राणीसावरगावात घरी रोज लिहायला बसायची; प्रबंधाची प्रकरणं होत गेली. स्टँडवर जाऊन वाट बघायची नाही, असं तिनं स्वतःला बजावलं होतं, आणि ती गेलीही नाही. फक्त दुपारची एसटी वळणावर घरघरली की लेखणी जरा थांबायची.

संक्रांत उलटली आणि अशाच एका दुपारी बौद्धवाड्याच्या तोंडाशी खणखणीत आवाज आला.

"भगवान मास्तराचं घर कंचं म्हणायचं?"

नऊवारीतली, कपाळभर कुंकवाची एक ठसठशीत बाई, आणि तिच्या मागं पिशवी धरून सूर्यभान. त्याची आई, पार्वतीबाई. दिनकरराव नव्हते.

बाई ओसरीवर ऐसपैस बसली. तांब्यातलं पाणी घटाघटा प्यायली. भाकरी, वरण, ठेचा समोर आलं तसं तेही पोटभर जेवली, आणि वर म्हणाली, "अजून एक चतकोर टाक गं माय, भाकर मऊ झालीया." दारातून बघणारी आळी बघतच राहिली.

हात धुऊन ती भगवानरावांकडे वळली. "मास्तर, आमचे मालक आले न्हाईत. येतील का, ते मी कसं सांगू? धुसफुसायलेत. पर घरी येऊन त्यांनीच सांगितलं की गंगाखेडात भर सभेत एका पोरीनं त्यांना गप बसवलं. म्हणलं, आगं बाई! तीस वरसं घासले, मला जे जमलं न्हाई ते जिला जमलं, तिला बघून तरी येऊ!"

ओसरी हसण्यानं दणाणली. भगवानरावही हसले, मग गंभीर झाले. "बाई, तुमी आलात, मान दिलात. पण उत्तर मी देणार न्हाई. शिकवलंय तिला. तिचं तिनं सांगावं."

सगळ्यांच्या नजरा पंचफुलावर. ती चौकटीला टेकून उभी होती.

"आधी माझं एम.ए. पुरं होईल," ती म्हणाली. "लग्न ह्याच अंगणात, आमच्या पद्धतीनं. आणि लग्नानंतर काम सुटणार न्हाई."

"आन् ह्ये पोरगं?" पार्वतीबाईंनी मिश्कीलपणे विचारलं. "त्याचं काय न्हाई व्हय तुज्या बोलण्यात?"

पंचफुलाचे गाल तापले. पण मान वरच राहिली. "हेच पाहिजेत."

संध्याकाळी दोघांना पोचवायला ती स्टँडवर गेली. पार्वतीबाई आधी चढून खिडकीशी बसल्या. सूर्यभान पायरीवर एक पाय ठेवून रेंगाळला.

"आता तरी ते 'राव' सोडा," तो हळूच म्हणाला. "नुसतं नाव घ्या."

"इथं? बायका नवऱ्याचं नाव घेत नसतात. गाव काय म्हणंल?"

"काय म्हणंल?"

कंडक्टरनं घंटी मारली. गाडी हलली, धुरळा उडाला. पारावर म्हातारी माणसं बसली होती, पाणवठ्यावरून बाया परतत होत्या, हॉटेलाच्या बाकड्यावर निम्मं गाव होतं. पंचफुला रस्त्याच्या मधोमध आली, आणि तिनं हात उंच करून, सगळ्या स्टँडला ऐकू जाईल अशी हाक मारली —

"सूर्यभान! लवकर ये!"

माना गर्रकन वळल्या. एका बाईची घागर डचमळली. एसटीच्या दारातून अर्धा बाहेर लोंबकळून तो हसत हात हलवत होता.

पंचफुलानं सगळ्यांकडे एकवार नीट पाहिलं, पदर खांद्यावर सारखा केला, आणि ताठ मानेनं घरची वाट धरली.